चकव्याचा सातबारा

धुकं मी पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या एकविसाव्या वर्षी. त्याआधी दहा-बारा वर्षं मी त्याला नुसता घाबरत होतो.

सोलापुरात धुकं कुठून येणार? थंडीत एखाद्या पहाटे तलावावर जरा वाफ तरंगताना दिसते, तेवढंच. बाकी इथं सगळं लख्ख. ऊन असं की भूतसुद्धा दुपारी लिंबाखाली बसून टॉवेलनं वारा घेईल. आमचं घर धाब्याचं, भाड्याचं. एप्रिल-मेमध्ये रात्री दहा वाजले तरी माळवदाची माती पायाला पोळायची. मग आई दोन घागरी पाणी शिंपडायची, मातीचा वास उठायचा, आणि गोधड्या पसरल्या की मधोमध आजी. लाईट गेलेली असली की उत्तम. शेजारची तेलुगू पद्मशाल्यांची पोरं कठड्यावरून उड्या मारून यायची, मागच्या बोळातली कानडी पोरं शिडीनं. भुताला एकांच्या घरात दय्यम म्हणायचे, दुसऱ्यांच्या घरात देव्व. आजी दोघांचंही ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "नुसतं भूत म्हणून न्हाई चालत. कंचं, ते सांगा."

तिची सगळी भुतं धुक्यात उभी असायची. एकदा मी विचारलं, "आजे, धुकं म्हणजे काय असतंय गं?"

"तुझा बाप गिरणीतनं येतो तवा केसाला काय असतंय?"

"कापूस."

"त्योच समद्या डोंगराला लागला, की झालं धुकं."

पुढं कित्येक वर्षं माझ्या डोक्यात सह्याद्रीच्या कड्याकपारींतून गिरणीची रुई उडत होती, आणि तिच्यात उभी असलेली हडळ अधूनमधून आप्पांसारखी खोकत होती. शेजारचा एक पोरगा मला हळूच विचारायचा, "खरं सांगलालीय का बे तुझी आजी?" खरंखोटं कोण तपासणार? जवळचा डोंगर म्हणजे तुळजापूरचा, तोही ४५ किलोमीटरवर.

आजी कोयनेच्या खोऱ्यातली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते शोधायला तुम्ही नकाशा उघडाल आणि तिथं निळा रंग दिसेल. कोयनेवर १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढायला लागलं. त्याला शिवसागर असं देखणं नाव मिळालं. खोऱ्यातली माणसं सातारा, सांगली, रत्नागिरी, ठाणे, सोलापूर अशी पांगली. आमचे लोक लगेच हलले नाहीत. पाणी जसं वर येईल तसे तेही डोंगर चढत वर सरकले, आजीच्या भाषेत, "पान्यानं आमाला हाकलत न्हेलं, मेंढरावानी." वर झोपड्या घातल्या, नाचणी लावली. जमीन हादरायला लागली ती तिथंच. आधी बारीक हादरे, भांडी वाजण्यापुरते. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या आत, मोठा धक्का. ६.३ तीव्रतेचा. कोयनानगरच्या बाजूला १७० हून जास्त माणसं गेली. आमच्यातलं कोणी गेलं नाही, पण झोपडी गेली आणि आजोबांचा धीरही गेला. त्यानंतर ते सोलापूर जिल्ह्यात मिळालेल्या जमिनीवर आले. मुरमाड माळ. आजोबांच्या नावे सातबारा झाला, आप्पा दोन वर्षं कुसळं उपटून कंटाळले आणि शहरात येऊन गिरणीत लागले.

म्हणजे माणसांना जमीन मिळाली, जनावरांना चारा मिळाला. भुतांची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

हे आज गंमत म्हणून लिहितोय, पण आजीच्या गोष्टींत खरोखरच प्रत्येकाला पत्ता असायचा. "एक होतं भूत" अशी तिची गोष्ट कधी सुरू झाली नाही. गिऱ्हा राहायचा तो खालच्या डोहात, जिथं नदी वळण घेते आणि वरून पाणी शांत दिसतं. वरच्या डोहात साती आसरा. त्या देवी, त्यांना हळदकुंकू आणि हिरवा खण. गिऱ्ह्याला काही द्यायचं नाही, फक्त पावसाळा सरल्यावरही महिनाभर त्या पाण्यात पाय घालायचा नाही. कोकणात उतरणाऱ्या खिंडीत वाघजाई. तिथं येताजाता एक पान, ते नसेल तर एक दगड ठेवायचा. देवराईतल्या झाडाची काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, घातली तर राखणदार घरापर्यंत येतो. सोडमुंज व्हायच्या आत मेलेल्या पोराचा मुंजा कुठल्या पिंपळावर, अवसेला वेताळाची पालखी कुठल्या सोंडेवरून कुठल्या सोंडेवर जाते, सगळं ठरलेलं. मोठा झाल्यावर कधीतरी लक्षात आलं, की मला त्या बुडालेल्या खोऱ्यातल्या पायवाटा पाठ आहेत. कुठं पाणी खोल, कुठं घसरण, कुठं जनावर, कुठलं झाड तोडायचं नाही. शाळेत भूगोल आम्हाला असा कोणी शिकवला नाही, त्यात मला जेमतेम पस्तीस मार्क.

पण तिचा लाडका होता चकवा. चकव्याला रूप नाही. उलटे पाय, मोकळे केस, पांढरं लुगडं असलं काहीही नाही. तो दिसतच नाही, त्यामुळं पोरांना सुरुवातीला निराशा व्हायची. तो फक्त वाट फिरवतो. माणूस आपल्या समजुतीनं सरळ घराकडं निघालेला असतो आणि तासाभरानं त्याच आंब्याखाली येतो. पुन्हा निघतो, पुन्हा तोच आंबा. तिसऱ्यांदा आंबा दिसला की ओळखायचं. ओळखलं की मग पळायचं नाही, हाक मारायची नाही, शहाणपणा करायचा नाही. बसायचं. डावी चप्पल उजव्या पायात, उजवी डाव्या पायात घालायची आणि उजाडेपर्यंत तिथंच बसून राहायचं. "हाल्लास तर गुतलास," आजी म्हणायची. तिचा एक चुलत दीर हलला होता. तो सापडला तेव्हा कड्याखाली होता.

पुढं वाचायचा नाद लागल्यावर मी या सगळ्याची उत्तरं जमवत गेलो. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी माणसांना सपाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात "सरळ चाला" म्हणून सोडलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. तो ढगाआड गेला की गोल फिरून आपल्याच मागच्या वाटेवर आली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. थोडक्यात चकव्याचं अस्तित्व मान्य झालं, फक्त त्याचा मुक्काम आपल्या डोक्यात निघाला. वेताळाच्या मशालींचंही तसंच काहीतरी असेल: भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर हिरवट चमकणारी बुरशी असते. आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कर्नल साइक्सला दरीतल्या ढगावर जे दिसलं, गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध स्वतःचीच सावली, त्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. युरोपात त्यालाच ब्रोकेन डोंगराचं भूत म्हणतात. आपल्याच सावलीला भूत म्हणायचं की इंद्राचं आयुध, हा ज्याच्या त्याच्या घरातल्या आजीचा प्रश्न.

मी हे सगळं कळल्यावर आजीला सांगायला गेलो असतो, पण तोवर ती नव्हती. असती तरी म्हणाली असती, "मग? बसायला सांगितलं का न्हाई त्यांनी?"

सोलापुरात आल्यावर तिनं आपल्या भुतांची सोय लावायला घेतली, असं आता वाटतं. मुंज्याला अडचण आली नाही. आमच्या बोळाच्या टोकाला पिंपळ होता, त्यावर तो गेला. गिऱ्ह्याला तिनं एका पडक्या विहिरीत ठेवलं, आणि मे महिन्यात तिचा तळ दिसायला लागला की त्याची काळजी करायची. वाघजाईला खिंड लागते. ती तिला तुळजापूरच्या घाटात सापडली.

कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला रात्रभर माणूस चालतो. अनवाणी. सोलापूरचे, अक्कलकोटचे, खाली कर्नाटकातून आलेले. रस्ताभर टपोरं चांदणं, कडेला चहा-फराळाचे मांडव, "आई राजा उदो उदो." नवरात्रानंतर देवी पाच दिवस पलंगावर निजलेली असते आणि पुनवेला उठते, तिच्या उठण्याला आपण पोचायचं. आजी साठीपर्यंत चालायची. घाट सुरू झाला की तिचा वेग वाढायचा, हे मला कळायचं नाही. आम्ही सपाटीवरची पोरं तिथं धापा टाकत असायचो. बालाघाटाचा तो चढ कोयनेच्या माणसाला चढ म्हणायलाही लाज वाटावी असा. पण एका वळणावर ती गर्दीतून बाजूला व्हायची, कडेच्या दगडांत एक दगड ठेवायची, आणि पुन्हा गर्दीत. तुळजापूरला घाटशिळेची गोष्ट सगळे सांगतात: सीतेच्या शोधात निघालेल्या रामापुढं देवी सीतेचं रूप घेऊन आली, त्यानं ओळखलं आणि म्हणाला, "तू का आई?" म्हणून तुकाई. आजीला ही गोष्ट पटायची. डोंगरात भेटणारी बाई ओळखता आली पाहिजे, यावर तिचा विश्वासच होता.

सोलापूरच्या गोष्टी तिनं थोड्या उशिरा ऐकल्या. एक तर किल्ल्याची. तळ्याच्या बाजूचा बुरूज बांधला की ढासळायचा, म्हणून एका बाळंतिणीला लेकरासकट पायात घातलं, अशी कथा लहानपणी आम्ही किल्ल्यातल्या बागेत घसरगुंडीवर बसून एकमेकांना सांगायचो. घरी येऊन ती आजीला सांगितली तर ती हसली नाही, की भर घातली नाही. नंतर आईकडून कळलं. कोयनेची भिंत चढत होती तेव्हा खोऱ्यात आवई होती, की धरणाला पोरं लागतात. आजीनं आप्पांच्या धाकट्या भावाला कित्येक महिने घराबाहेर एकटं सोडलं नव्हतं. असल्या आवया सगळीकडं उठतात, पूल असो की धरण. पण बांधकाम माणसं खातं हे त्या लोकांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नसणार.

दुसरी गोष्ट सिद्धरामेश्वरांची. ती मात्र तिला फार आवडली. बाराव्या शतकातलं सोन्नलगी गाव. रानात राखणीला बसलेलं एक अबोल पोर. त्याच्याकडं एक जंगम येतो, हुरडा मागतो, मग दहीभात मागतो. पोरगा दहीभात आणायला घरी पळतो, परत येतो तर जंगम नाही. "मल्लय्या, मल्लय्या" करत ते पोर थेट श्रीशैलापर्यंत जातं, तिथल्या कड्यावरून उडी टाकायला निघतं, आणि मल्लिकार्जुन त्याचा हात धरतो. मग सिद्धराम परत येऊन इथं तळं खोदतात, ६८ लिंगं स्थापतात, आणि या सपाट गावाला लोक अभिनव श्रीशैल म्हणायला लागतात. नवा डोंगर! जिथं उंचवटा म्हणून किल्ल्याचा बुरूज तेवढा, त्या गावाला. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला मला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या आप्पांना मी म्हणालो, "म्हणजे देवाचंपण पुनर्वसन झालं." शाळेत नुकताच तो शब्द शिकलो होतो.

आजीनं ऐकलं. म्हणाली, "द्येवाचं जमतंय रं. त्येला देऊळ बांधत्यात. बाकीच्यास्नी कोन बांधून देतंय?"

बाकीचे म्हणजे चकवा. त्याला सोलापुरात जागाच सापडेना. सगळं दिसतंय इथं, पाच मैलांवरची गिरणीची चिमणी दिसते, वाट चुकायची कशी?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, गावात ढोल वाजून वाजून थकले होते, आणि आम्ही सगळे घरात, माळवदाखाली, मेल्यासारखे झोपलो होतो. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना आजीनं मला पायानं ढोसलं. मला आधी तिचा आवाज आठवतो, हादरा नंतर. "भाईर. भाईर. पांघरून ऱ्हाऊ दे." ती सत्तरीची बाई आप्पांना दंडाला धरून ओढत होती. बाहेर आलो तर बोळात आम्हीच पहिले. मग मांडणीतली भांडी कोसळली, कुत्री भुंकायला लागली, आणि सगळा बोळ कानडी-तेलुगू-मराठीत ओरडत बाहेर आला. आजी जमिनीवर तळवा टेकून बसली होती. "कोयनाच हाय," ती म्हणाली. "मागं मागं आली."

कोयना नव्हती. किल्लारी होतं, शंभर किलोमीटरच्याही आत. सकाळ झाली तशा बातम्या यायला लागल्या आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या दिशेनं गाड्या. जवळजवळ १०,००० माणसं गेली. बहुतेक सगळी झोपेत, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन. आमच्यावर होतं तसंच माळवद, ज्यावर पाणी शिंपडून आम्ही भुतांच्या गोष्टी ऐकायचो.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत घरमालकानं ते उतरवून पत्रे टाकले. पत्र्यावर झोपता येत नाही. आजीच्या गोष्टी तिथं संपल्या. टीव्हीमुळं गोष्टी गेल्या असं लोक लिहितात. आमच्याकडं छत गेलं म्हणून गेल्या.

मग गिरणी बंद झाली. कुठली ते लिहीत नाही, सोलापुरात त्या काळात एकच बंद झाली असं थोडंच आहे. भोंगा थांबला, पण आप्पांच्या अंगातला भोंगा चालूच. पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, डबा नाही म्हणून नुसतीच पिशवी घ्यायचे, गिरणीच्या फाटकापर्यंत जायचे, तिथल्या चहाच्या गाड्यावर उभे राहायचे आणि परत यायचे. तासाभरानं पुन्हा. "जरा बघून येतो, काही नोटीस लागली का." दुपारी पुन्हा. एके दिवशी आजी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. आप्पा तिसऱ्यांदा फाटकावरून परत आले. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तिसऱ्यांदा आलास."

"काय?"

"त्याच वाटंनं. बस हितं. हालू नगंस." आणि त्यांच्या चपला घेऊन तिनं डावी उजवीकडं, उजवी डावीकडं अशा ठेवल्या.

आप्पा आधी हसले. मग बसले. मला वाटतं तो आख्खा दिवस ते बसून होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आई घाबरली होती. आजीनं तिला काही बोलू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आप्पा चपला नीट करून उठले, गिरणीच्या उलट दिशेनं गेले आणि संध्याकाळी सांगत आले, की टॉवेलच्या एका कारखान्यात पॉवरलूमवर रात्रपाळी मिळाली आहे. पगार निम्म्याहून कमी. रात्री आजी आईला म्हणाली, "गावला बाई. म्या म्हनत व्हते, गेला कुटं." चकवा गावला, म्हणजे सापडला. इतक्या वर्षांनी त्याला गिरणगावात जागा मिळाली होती आणि, खरं सांगायचं तर, तिच्या आवाजात थोडा आनंद होता.

ती गेल्यावर वर्षभरानं मला धरणग्रस्ताचा दाखला लागला. सरकारी नोकरीच्या अर्जाला जोडायचा होता. त्यासाठी आप्पा आणि मी साताऱ्याला गेलो, कागद हातात पडला, आणि आप्पा म्हणाले, "आलोच आहे तर बामणोलीला जाऊ." कासचं पठार ओलांडून पहाटेची गाडी उतरायला लागली आणि काचेबाहेर सगळा कापूस. मी काच खाली केली. तोंडावर गार, ओलं काहीतरी आलं. खोकला आला नाही. एवढंच धुकं असतं?

बामणोलीहून लॉंच केली. नावाडी पंचविशीचा. हे सगळं आता व्याघ्र प्रकल्पात आहे आणि पलीकडच्या वासोट्यावर मुक्काम करू देत नाहीत; तेव्हा एवढे नियम नव्हते. आप्पा पुढं बसले होते. किनारा दिसेनासा झाला तसं ते पाण्याकडं बोट दाखवून काहीतरी लावून बघायला लागले. सोंड कुठली, ओढा कुठला. दिसत काहीच नव्हतं, वर पांढरं आणि खाली राखाडी. मग म्हणाले, "इथंच कुठंतरी. खाली. तो आंबा इथं होता."

नावाड्यानं इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांबू जरा. धुक्यात या टापूत लॉंच गोल फिरती. सरळच चाललोय वाटतं आणि त्याच जागेला येतो आपण. आमचे म्हातारे सांगतात, इथं इंजिन बंद करायचं आणि उजाडंस्तवर गप बसायचं."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मग वाकून पायांतल्या चपला काढल्या, डावी उजव्यात घातली, उजवी डाव्यात, आणि पाय लांब करून बसले. लॉंच जागच्या जागी हलत होती. थोड्या वेळानं त्यांनी पायानंच माझ्या बुटाला ढोसलं.

"नाड्या सोड," ते म्हणाले.